इंग्रजीतील ‘हू’ आणि ‘हूम’ : विभक्ती की स्थान?

व्यक्तीचा निर्देश करताना इंग्रजीत ‘हू’ योजावे की ‘हूम’, हा प्रश्न वरवर पाहता शालेय व्याकरणातला आहे. कर्त्याच्या जागी ‘हू’, कर्माच्या जागी व शब्दयोगी अव्ययाच्या योगे ‘हूम’, एवढे एक सूत्र सांगितले की तो निकालात निघाला असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु जो प्रश्न एका ओळीत सुटतो त्यावर अडीचशे वर्षे वाद चालू राहत नाही. रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण १७६२ साली निघाले. २००० साली हॉवर्ड लॅस्निक व निकोलस सोबिन यांनी याच दोन शब्दांवर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच त्यांना या गोष्टीला ‘कोडे’ म्हणावेसे वाटले. या दोन टोकांच्या मध्ये वेबस्टर, सपीर, येस्पर्सन, फौलर अशी मातब्बर नावे येतात. तेव्हा सूत्र चुकीचे आहे, की सूत्र ज्या कल्पनेवर उभे आहे ती कल्पनाच तपासून पाहावी लागेल, हे आधी ठरवणे इष्ट होय.

ही कल्पना विभक्तीची. ‘ही’ व ‘हिम’, ‘दे’ व ‘देम’ या जोड्यांप्रमाणेच ‘हू’ व ‘हूम’ ही एकाच सर्वनामाची दोन विभक्तिरूपे आहेत, असे सर्व पाठ्यपुस्तके गृहीत धरतात. इतिहासाच्या दृष्टीने ते खरेही आहे. प्राचीन इंग्रजीत प्रथमेचे रूप ‘ह्वा’, द्वितीयेचे ‘ह्वोने’ आणि चतुर्थीचे ‘ह्वाम’ असे होते. पुढे चतुर्थीच्या रूपाने द्वितीयेचे रूप गिळून टाकले. ‘हिम’ने जुन्या ‘हिने’ला हुसकावले, तीच ही क्रिया. (मराठीत ‘कोणाला’ हे एकच रूप द्वितीया व चतुर्थी अशा दोन्ही घरी नांदते, याची येथे सहजच आठवण होते.) म्हणजे आजचे ‘हूम’ हे मुळात संप्रदानाचे रूप. ते कर्माच्या जागी आले ते उसन्या अधिकाराने. मात्र एखाद्या शब्दाचा जन्म कोणत्या घराण्यात झाला यावरून तो आज काय काम करतो हे ठरत नाही, आणि नेमके हेच विस्मरण व्याकरणकारांना वारंवार झालेले दिसते.

लाउथ यांनी लॅटिनच्या धर्तीवर नियम मांडला आणि त्या मापाने शेक्सपिअरसारख्या लेखकांचीही वाक्ये सदोष ठरवली. त्यांच्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १७८९ साली, अमेरिकेत नोआ वेबस्टर यांनी आपल्या भाषाविषयक व्याख्यानांच्या ग्रंथात याला उघड विरोध केला. ‘त्याने कोणाशी लग्न केले’ असे विचारताना इंग्रज माणूस वाक्याच्या आरंभी ‘हू’च म्हणतो आणि ‘हूम’ने सुरू होणारा तसला प्रश्न बोलण्यात आढळत नाही, अशी त्यांची भूमिका होती. कोशकार म्हणून पुढे ख्याती मिळवलेल्या या गृहस्थाने पुस्तकापेक्षा कानावर अधिक विश्वास ठेवला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तरीही पुढील शतकभर शाळांतून लाउथ यांचाच नियम चालला. वेबस्टर यांनी एक निरीक्षण नोंदवले खरे, पण त्यामागची कारणमीमांसा दिली नाही. ती देण्याचे काम एडवर्ड सपीर यांच्याकडे आले.

सपीर यांच्या १९२१ सालच्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात भाषेच्या ओघाविषयी जे प्रकरण आहे, त्यातील बराच भाग ‘हूम डिड यू सी’ या एका वाक्याच्या विवेचनाने व्यापला आहे. हे वाक्य उच्चारताना सुशिक्षित माणूसही अडखळतो, तो का? सपीर चार कारणे देतात. एक असे की ‘हू’ हा शब्द मनात ‘ही’ – ‘हिम’च्या गटात राहिलेला नाही, तो ‘व्हिच’, ‘व्हॉट’, ‘दॅट’ या अविकारी शब्दांच्या गटात जाऊन बसला आहे. दुसरे, ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘हाउ’ ही प्रश्नार्थक अव्यये कधीच बदलत नाहीत, आणि प्रश्नार्थक सर्वनामही त्यांच्या ओढीने अविकारी होऊ पाहते. तिसरे कारण स्थानाचे : ‘हिम’, ‘देम’ ही रूपे क्रियापदाच्या मागून येतात, तर ‘हूम’ वाक्याच्या अग्रभागी येते आणि तेथे ते परके वाटते. चौथे कारण उच्चारलयीचे. ‘हूम’मधील ‘म’ आणि ‘डिड’मधील ‘ड’ लागोपाठ आल्याने जीभ अडते. या चारही कारणांना सपीर सारखे वजन देत नाहीत. कोणत्या वाक्यात कोणते कारण किती जोर धरते हे ते वेगवेगळे तोलतात. एका क्षुल्लक भासणाऱ्या शब्दावरून संपूर्ण भाषेची दिशा वाचण्याची ही रीत आजही विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावी अशी आहे.

परंतु याच प्रकरणात सपीर भविष्यवाणीही करून गेले. आणखी दोनेकशे वर्षांत अतिविद्वान कायदेपंडितही ‘हूम डिड यू सी’ असे म्हणणार नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. त्यांपैकी शंभर वर्षे २०२१ साली उलटली. प्रश्नवाक्याच्या आरंभापुरते पाहिले तर भविष्य खरे होण्याच्या मार्गावर आहे. बोलण्यात तेथे ‘हूम’ जवळजवळ उरलेले नाही. मात्र ‘टू हूम’, ‘विथ हूम’, ‘सम ऑफ हूम’, ‘मोस्ट ऑफ हूम’ या रचनांमध्ये ‘हूम’ लिखित इंग्रजीत पूर्वीइतकेच ठणठणीत आहे. हेमिंग्वे यांच्या १९४० सालच्या कादंबरीचे ‘फॉर हूम द बेल टोल्स’ हे नाव (मुळात ते जॉन डन यांच्या १६२४ सालच्या गद्यातून घेतलेले) आजच्या कोणत्याही वाचकाला ‘फॉर हू’ असे वाचणे शक्य नाही. म्हणजे एकच रूप एका जागी मरणपंथाला लागले आहे आणि दुसऱ्या जागी त्याचे केसही पिकलेले नाहीत. विभक्ती लोपत असती तर ती दोन्हीकडे सारखीच लोपली असती.

सपीर यांचे तिसरे कारण, म्हणजे स्थान, या विसंगतीचा उलगडा करील असे प्रथमदर्शनी वाटते. ‘टू’ या अव्ययाच्या मागून येणारे ‘हूम’ हे ‘टू हिम’सारखेच स्वस्थानी बसलेले आहे, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. परंतु एक साधा प्रयोग या उपपत्तीला बाधक ठरतो. ऐकलेले नीट न कळल्यामुळे वा आश्चर्यापोटी इंग्रज माणूस जेव्हा समोरच्याचेच वाक्य प्रश्न करून परत विचारतो, तेव्हा सर्वनाम जागचे हलत नाही, ते क्रियापदाच्या किंवा अव्ययाच्या मागेच राहते. केवळ स्थानाचाच प्रभाव असता तर येथे ‘हूम’ हमखास यायला हवे. प्रत्यक्षात ऐकू येते ते ‘यू सॉ हू?’ आणि ‘यू स्पोक टू हू?’ हेच. अव्यय अगदी खेटून उभे असूनही ‘हूम’ येत नाही. तेव्हा ‘टू हूम’मध्ये ‘हूम’ला जे बळ मिळते ते अव्ययापासून नव्हे, अव्ययालाच सर्वनामाबरोबर वाक्याच्या किंवा उपवाक्याच्या अग्रभागी ओढून आणण्याची जी ग्रांथिक रचना आहे, तिच्यापासून ते मिळते. बोलताना अव्यय मागे ठेवून देतात आणि ‘हू’ने काम भागवतात. लिहिताना अव्यय पुढे आणले की भाषेचा सूर चढतो, आणि त्या चढलेल्या सुराबरोबर ‘हूम’ येते. एडवर्ड क्लायमा यांनी १९६४ साली या दोन रूपांच्या वापराचे वर्णन शुद्ध व अशुद्ध असे न करता परस्परसंबद्ध अशा निरनिराळ्या शैलींची निरनिराळी व्याकरणे म्हणून केले होते. ती दिशा योग्य होती असेच आता म्हणावे लागते.

बोलणारा माणूस या पेचातून बहुधा तिसऱ्याच वाटेने निसटतो. संबंधी वाक्यात तो ‘दॅट’ वापरतो किंवा सर्वनाम मुळीच वापरत नाही. ‘द मॅन आय मेट’ म्हटले की ‘हू’ की ‘हूम’ हा प्रश्नच उद्भवत नाही. व्यक्तीच्या बाबतीत ‘दॅट’ योजणे हीन, असा एक समज मात्र दृढ आहे, आणि त्याची वंशावळ मजेदार आहे. ३० मे १७११ च्या ‘स्पेक्टेटर’मध्ये रिचर्ड स्टील यांनी ‘हू’ आणि ‘व्हिच’ यांच्या तोंडून एक गाऱ्हाणे मांडले : आम्ही जुन्या घराण्यातले असून या उपऱ्या ‘दॅट’ने आमची जागा बळकावली आहे. दोनच दिवसांनी ‘दॅट’चे प्रत्युत्तरही त्याच पत्रात छापून आले. विनोद म्हणून हे सुरेख आहे. इतिहास म्हणून नेमके उलटे. संबंधी सर्वनाम म्हणून ‘दॅट’ हाच जुना रहिवासी. ‘व्हिच’ त्याच्यानंतर आला, आणि प्रथमेतील ‘हू’ तर या कामावर सर्वांत उशिरा रुजू झाला. व्यक्तीला ‘व्हिच’ चालत नाही हा आजचा दंडकही अलीकडचाच. १६११ सालच्या बायबलमध्ये आणि इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ सालच्या प्रार्थनाग्रंथात स्वर्गस्थ पित्याचा उल्लेख ‘व्हिच’नेच केलेला आहे, आणि त्यात कोणाला अनादर दिसला नाही.

आता खऱ्या वादस्थळाकडे वळू. ‘द क्लार्क हूम वुई थॉट वॉज ऑनेस्ट’, म्हणजे ‘जो प्रामाणिक आहे असे आम्हांस वाटले तो कारकून’, अशी वाक्ये चांगल्या लेखकांच्या लिखाणात सर्रास सापडतात. नियमाप्रमाणे येथे ‘हू’ हवे, कारण ‘वॉज’ या क्रियापदाचा तोच कर्ता. फौलर यांनी १९२६ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध कोशात अशा ‘हूम’ला स्पष्ट दोष ठरवले. त्याच्या दोनच वर्षे आधी ओटो येस्पर्सन यांनी ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’च्या परिशिष्टात या ‘हूम’ची उघड बाजू घेतली होती. त्यांचा एक युक्तिवाद खोडून काढणे अवघड आहे. इंग्रजीत कर्त्याच्या जागचे संबंधी सर्वनाम एरवी गाळता येत नाही. ‘काल आलेला माणूस’ या अर्थी ‘द मॅन केम येस्टरडे’ असे म्हणता येत नाही. परंतु ‘द क्लार्क वुई थॉट वॉज ऑनेस्ट’ हे मात्र निर्दोष वाक्य आहे. अर्थात या रचनेतील सर्वनाम, निदान एका महत्त्वाच्या लक्षणापुरते, कर्मासारखे वागते.

फौलर यांचा पक्षही निराधार नाही. ‘वॉज’ या क्रियापदाचे वचन त्या कारकुनावरूनच ठरते. कारकून अनेक असते तर ‘वर’ आले असते. मग हे सर्वनाम कर्ता की कर्म? मराठी वा संस्कृत व्याकरणाशी परिचय असलेल्या वाचकाला हा प्रश्नच चुकीचा मांडलेला दिसेल. कारक आणि विभक्ती या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आपल्याकडे पाणिनीच्या काळापासून मान्य आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ यात कर्ता तृतीयेत आणि कर्म प्रथमेत आहे म्हणून कोणी ते वाक्य अशुद्ध ठरवीत नाही. कारक अर्थावरून आणि क्रियेशी असलेल्या संबंधावरून ठरते. विभक्ती ठरवण्याचे नियम प्रत्येक भाषेचे स्वतंत्र असतात. फौलर व येस्पर्सन या दोघांचाही घोटाळा असा की रूप पाहून नाते ओळखता आलेच पाहिजे, असा दोघांचाही हट्ट आहे. एकाने नाते धरून रूप चुकीचे ठरवले. दुसऱ्याने रूप वाचवण्यासाठी नातेच बदलू पाहिले.

अशा ‘हूम’चे प्रचलित स्पष्टीकरण वेगळे आहे. शाळेत ‘हू’ वापरल्याबद्दल बोलणी खाल्लेला माणूस धास्तीने जिथे तिथे ‘हूम’ घालतो, हा अतिदक्षतेचा परिणाम होय, असे सांगितले जाते. ‘बिट्वीन यू अँड आय’ या प्रयोगाचीही अशीच उपपत्ती देतात. ती अंशतः खरी असेल. पण कालक्रम तिच्या आड येतो. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये बुडून मेला असे समजल्या गेलेल्या फर्डिनांडविषयी, आणि ‘किंग जॉन’मध्ये मारला गेल्याची वदंता असलेल्या आर्थरविषयी, नेमकी हीच रचना ‘हूम’सह आली आहे. ही दोन्ही नाटके १६२३ सालच्या संग्रहात छापली गेली. लाउथ यांचे व्याकरण त्यानंतर एकशे एकोणचाळीस वर्षांनी आले. तोवर इंग्रज मुलाला इंग्रजीतल्या ‘हू’वरून छडी मारणारा मास्तर जवळजवळ नव्हताच, छडी होती ती लॅटिनसाठी. १६११ सालच्या बायबलमध्ये, मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात, ख्रिस्त शिष्यांना ‘तुम्ही मला कोण म्हणता’ असे विचारतो तेथेही ‘हूम’च आहे. तो पुरावा मात्र जपून वापरला पाहिजे, कारण मूळ ग्रीकमध्ये आणि लॅटिन भाषांतरातही त्या जागी द्वितीयाच आहे, आणि भाषांतरकारांचा हात तिने ओढला असणे शक्य आहे. नाटककाराच्या बाबतीत अशी शंका घेण्यास जागा नाही. त्यातून विशेष असे की हाच नाटककार इतरत्र, कर्माच्या जागी, वाक्यारंभी बिनदिक्कत ‘हू’ लिहितो. म्हणजे त्याची निवड विभक्तीवर अवलंबून नव्हती.

मग ती कशावर होती? लॅस्निक व सोबिन यांचे उत्तर असे की सर्वनामाच्या लगेच पुढे दुसरा एखादा कर्ता उभा असला की ‘हूम’ येते. ‘हूम वुई थॉट’मध्ये ‘वुई’ आहे, ‘हूम दे से’मध्ये ‘दे’ आहे. ते सर्वनाम पुढच्या क्रियापदाचे कर्म आहे की त्याहीपुढच्या क्रियापदाचा कर्ता, याची चौकशी हा नियम करीत नाही. तो केवळ शेजार पाहतो. इथवर त्यांचे निरीक्षण अचूक आहे, आणि शेक्सपिअरची दोन्ही वाक्येही त्यात चपखल बसतात. परंतु असल्या नियमांना, सोबिन यांच्याच १९९७ सालच्या एका लेखाला अनुसरून, ते ‘व्हायरस’ म्हणतात : मूळ व्याकरणाच्या बाहेरून शिरलेला आणि शिकवणीने टिकवलेला संसर्ग. ही उपमा आकर्षक असली तरी स्वीकारण्यास कठीण आहे. जो प्रयोग शालेय व्याकरणाच्या आधीपासून चालत आला आणि चारशे वर्षे टिकला, त्याला बाहेरचा रोग म्हणणे हा निष्कर्ष नव्हे. तो जुन्याच निषेधाचा नवा वेश आहे. निषेध करणारा वैयाकरण त्याला अज्ञान म्हणत होता, नवा पंडित त्याला आजार म्हणतो, एवढाच फरक. ‘दॅन हूम’ या प्रयोगाचे काय, हेही त्यांच्या पंथीयांना विचारता येईल. तर्काने पाहिल्यास तेथे ‘हू’ हवे. पण मिल्टनने योजलेले ‘दॅन हूम’ कर्मठ वैयाकरणांनीही निमूटपणे चालवून घेतले आहे.

पाठ्यपुस्तकांतील कसोटीचा विचार येथे करणे अवश्य आहे. ‘हू’ किंवा ‘हूम’च्या जागी ‘ही’ किंवा ‘हिम’ घालून पाहा. ‘हिम’ बसत असेल तर ‘हूम’ लिहा, असे सांगतात. पण ‘हिम’ तरी कोठे विभक्तीच्या ताब्यात आहे? दार ठोठावणारा कोण असे विचारल्यावर ‘इट इज ही’ असे म्हणणारा इंग्रज आज शोधावा लागेल. तो ‘हिम’च म्हणतो. ज्या मापाने मोजायचे तेच माप लवचीक असेल तर मोजणीचा भरवसा कसा धरावा? ‘हूएव्हर’च्या बाबतीत तर ही कसोटी हमखास फसवते. ‘गिव्ह इट टू हूएव्हर कम्स’ येथे ‘टू’ पाहून विद्यार्थी ‘हिम’ बसवतो आणि ‘हूमएव्हर’ लिहितो. दोष त्याच्या बुद्धीचा नाही. इंग्रजीने येथे दोन सर्वनामांचे काम एका शब्दावर लादले आहे. तो शब्द ‘कम्स’चा कर्ताही आहे आणि ‘टू’चा आश्रितही. मराठीत ‘जो येईल त्याला दे’ असे म्हणताना ‘जो’ आपल्या विभक्तीत आणि ‘त्याला’ आपल्या विभक्तीत सुखाने राहतात, कारण जो-तो या जोडीने ओझे वाटून घेतलेले आहे. इंग्रजीची अडचण मराठीच्या आरशात अशी स्वच्छ दिसते.

हाच आरसा दुसऱ्या ठिकाणी मात्र दगा देतो. ‘जो म्हणजे हू, ज्याला म्हणजे हूम’ हे समीकरण आपल्याकडील वर्गांतून पाठ करवून घेतले जाते. ‘ज्याला मी पाहिले’ येथे ते जुळते. पण ‘ज्याला ताप आला होता तो मुलगा’ याचे भाषांतर त्या समीकरणाने केले तर ‘द बॉय हूम हॅड फीव्हर’ असे विचित्र वाक्य होईल. तसेच ‘ज्याला मराठी येते’ याचेही. मराठीत अनुभव घेणारा चतुर्थीत जातो, इंग्रजीत तो निमूट कर्ता होतो. उलट ‘ज्याने पत्र लिहिले’ यातील ‘ज्याने’ला समीकरणात जागाच नाही. अशी चूक उत्तरपत्रिकेत दिसली तर ती इंग्रजीच्या विभक्तीचे अज्ञान म्हणून मोजली जाते. वस्तुतः विद्यार्थ्याला येणारी मराठीची विभक्ती त्याने इमानाने इंग्रजीत नेलेली असते.

तेव्हा पदव्युत्तर प्रश्नपत्रिकेत रिकाम्या जागी ‘हू’ की ‘हूम’ भरा असा प्रश्न घालायचाच असेल, तर सर्वनामाच्या अगोदर अव्यय आधीच छापलेले असावे. तेथे लिखित इंग्रजीचा निवाडा निश्चित आहे आणि गुण देता येतात. प्रश्नवाक्याच्या आरंभीची रिकामी जागा, ‘वुई थॉट’ किंवा ‘दे से’च्या आधीची रिकामी जागा, या दोन्ही ठिकाणी दोन्ही उत्तरांना चांगल्या लेखकांचा आधार आहे, आणि तेथे एकाच उत्तराला गुण देणारा परीक्षक लाउथ यांच्या बाजूने कौल देत असतो. त्याऐवजी ती दोन वाक्ये विद्यार्थ्यापुढे ठेवून दोन्ही रूपे कोठून आली हे त्याला लिहावयास सांगितले, तर फौलर आणि येस्पर्सन यांचा वाद त्याच्याच लेखणीखाली पुन्हा उभा राहील.